वाचकांचे प्रश्न : प्रोग्राम कुठे टाकावा, कसा काढावा

रावेरहून एक केळी व्यापारी विचारतात : गाड्यांची बिलं आणि हिशेब ज्या प्रोग्राममध्ये करतो, तो सी ड्राइव्हवर होता. सी भरून लाल पट्टी दिसू लागली. डीवर भरपूर जागा आहे, म्हणून प्रोग्रामचं फोल्डर कट करून तिकडे पेस्ट केलं. आता आयकॉन दाबला की फाईल सापडत नाही असं येतं, आणि काढायला गेलो तर निघतही नाही. डेटा गेला का?

उत्तर : फोल्डर डीवर असेल तर डेटाही बहुधा शाबूत आहे. आता दुसरं काहीही करण्याआधी ते जिथून उचललं तिथेच, त्याच नावाने परत ठेवा. प्रोग्राम चालू असताना कट केलं असेल तर वापरात असलेल्या फाईल जुन्या जागीच राहतात. त्यामुळे अर्धं फोल्डर इकडे आणि अर्धं तिकडे असं झालंय का, तेही बघा. सगळं जागेवर गेलं की बहुतेक वेळा प्रोग्राम पूर्वीसारखा सुरू होतो.

प्रोग्राम म्हणजे ते एकच फोल्डर नव्हे. इन्स्टॉल करताना मुख्य फाईल 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जातात, पण तुमच्या सेटिंग्ज 'ॲपडेटा'त, सर्व वापरकर्त्यांसाठीच्या फाईल 'प्रोग्रामडेटा'त आणि सगळ्यांचे पत्ते विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत नोंदवहीत) लिहिले जातात. आयकॉनमध्येही पूर्ण पत्ता असतो. फोल्डर हललं तरी हे पत्ते जुनेच राहतात, आणि अनइन्स्टॉलसुद्धा तेच पत्ते वाचून चालतं.

डीवर न्यायचाच असेल तर आधी प्रोग्राममधूनच डेटाचा बॅकअप घेऊन तो पेनड्राइव्हवर ठेवा. डी हा बहुधा त्याच डिस्कचा भाग असतो, त्यामुळे तिथली प्रत बॅकअप म्हणून धरू नका. लायसन्स संगणकाला बांधलेलं असेल तर ते आधी सरेंडर करा, म्हणजे या संगणकावरून मोकळं करा. ही पायरी गाळली तर नव्याने टाकताना ॲक्टिव्हेशन अडू शकतं. मग 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' इथून अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा आणि सेटअप चालवताना 'कस्टम' निवडून डीचं फोल्डर द्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या बऱ्याच ॲप्सना याच यादीत 'मूव्ह' असं बटण असतं, इतर प्रोग्रामना नसतं.

खरं सांगायचं तर सी भरण्याचं कारण हिशेबाचा प्रोग्राम क्वचितच असतो. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' उघडा. तिथे बहुतेकदा डाउनलोड्स, टेम्पररी फाईल आणि विंडोजची जुनी प्रत सापडते. डाउनलोड्समध्ये कामाची कागदपत्रंही असतात, तेव्हा तिथे सरसकट खूण करून पुसू नका. 'डॉक्युमेंट्स'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'लोकेशन'वरून ते फोल्डर मात्र डीवर बिनधास्त नेता येतं, कारण तिथे नवा पत्ता विंडोज स्वतः नोंदवतं.

साक्रीहून (जि. धुळे) : इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली. आता तो प्रोग्राम चालत नाही, आणि पुन्हा टाकायला गेलं की दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे असं सांगतो.

उत्तर : अर्धवट राहिलेलं काम विंडोजच्या हिशेबी अजून संपलेलं नाही. स्टार्ट मेनूतून 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू होण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर 'शट डाउन'मध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. नंतर त्याच आवृत्तीची सेटअप फाईल राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवा आणि 'रिपेअर'चा पर्याय आला तर तो घ्या. तो नसेल तर त्याच फोल्डरमध्ये वरूनच पुन्हा इन्स्टॉल करा, म्हणजे अनइन्स्टॉलची नोंद पूर्ण होते, आणि मग हवं तर काढा. फोल्डर हाताने डिलीट करू नका.

डाउनलोड होत असतानाच लाईट गेली असेल तर सेटअप फाईलच तुटकी असते. ती पुसून नव्याने उतरवा. भारनियमनाच्या भागात आम्ही नेहमी ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे सगळ्या फाईल आतच असलेला मोठा सेटअप, घ्यायला सांगतो. छोटा इन्स्टॉलर बाकीच्या फाईल चालू कामातच नेटवरून ओढतो, आणि लाईटीबरोबर वायफाय गेलं की तिथेच अडकतो. यूपीएसवर संगणक आणि मॉनिटर एवढंच ठेवा, लेझर प्रिंटर नको. तो गरम होताना इतका करंट ओढतो की लहान यूपीएस बंद पडतो.

शहाद्याहून एक सेवा केंद्र चालक : डेस्कटॉप आयकॉनांनी भरलाय. काही डिलीट करताना ॲडमिनचा पासवर्ड मागतो. पुसले तर प्रोग्राम जातील का?

उत्तर : डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन म्हणजे नुसता शॉर्टकट, तो पुसल्याने प्रोग्राम जात नाही. बाण नसेल तर ती मूळ फाईल किंवा फोल्डर असू शकतं, तिथे थांबा. पासवर्ड मागणारे शॉर्टकट सर्व वापरकर्त्यांच्या सामाईक डेस्कटॉपवर असतात, म्हणजे तुम्ही पुसलेत की मदतनिसाच्या लॉगिनमधूनही जातात. त्याला विचारून पुसा. रोज लागणारे पाच-सहा प्रोग्राम टास्कबारवर पिन करा. विंडोजची कळ आणि १ दाबलं की पहिला उघडतो, २ दाबलं की दुसरा.