दिवसभर अभ्यंग करून अंगठा आणि कंबर दुखते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पंचकर्म केंद्रात थेरपिस्ट आहात, दिवसाला पाच-सहा अभ्यंग होतात, संध्याकाळी उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकतं, कंबर धरते आणि मालक म्हणतात, "होईल सवय." ताई, सवय होत नाही. रोज दाबून दाबून अंगठ्याचा सांधा मजबूत होत नसतो, झिजतो. मी मालीश तालमीत शिकलो, पंचकर्माचा कोर्स नंतर केला, त्यामुळं दोन्हीकडचं सांगतो.

आपल्याकडचं गिऱ्हाईक द्रोणीवर, म्हणजे मालिशीच्या काठाच्या लाकडी मेजावर, पालथं पडायच्या आधीच म्हणतं, "जरा रगडून करा बरं का." त्याच्या डोक्यात पैलवानाची मालीश असते. पण अभ्यंग म्हणजे तेल जिरवणं, गाठी फोडणं नव्हे. हे त्याला गोड बोलून सांगायचं. तरीही जोर द्यायचाच झाला, तर पैलवान देतात तसा द्या. ते अंगठ्यानं दाबत बसत नाहीत. तळहाताची टाच, कोपराखालचा हात आणि वरून अख्ख्या अंगाचं वजन. अंगठा ठेवा फक्त चाचपायला, कुठं ताठरलंय ते शोधायला. एकदा जागा सापडली की अंगठ्याचं काम संपलं.

वजन अंगातून यायचं तर उभं राहणं बदलावं लागतं. दोन्ही पाय जोडून उभं राहून पुढं वाकलात की सगळा भार कंबरेवर. त्यापेक्षा पवित्रा घ्या. एक पाय पुढं, एक मागं, पुढचा गुडघा थोडा वाकलेला, पोट आणि पाय ज्या दिशेनं हात जाणार त्याच दिशेला. मांडीपासून पोटरीपर्यंत हात न्यायचा असेल तर पाठ वाकवू नका, मागच्या पायावरचं वजन पुढच्यावर आणा, हात आपोआप सरकतो. तेवढ्यानं पुरलं नाही तर सरळ एक पाऊल चाला. खांदा, कोपर, मनगट एका रेषेत, मनगट मागं मोडलेलं नको. मध्येच श्वास रोखला गेलाय असं जाणवलं तर समजा, तुम्ही दंडानं दाबताय.

आता द्रोणी. खरी गोची इथंच आहे. मसाजचं टेबल खालीवर करता येतं, लाकडी द्रोणीची उंची ठरलेली, वर काठ. उंची बघायची सोपी रीत: शेजारी सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. बोटांची पेरं साधारण पृष्ठभागाला लागली पाहिजेत. द्रोणी खूप उंच असेल तर खांदे वर चढतात, मान आखडते. खूप खाली असेल तर कंबर जाते. बुटक्या थेरपिस्टनं पायाखाली रुंद, न हलणारी फळी घ्यावी, पवित्रा मावेल एवढी. नुसता पाट पुरत नाही. उंच असाल तर सुताराकडून द्रोणीच्या पायांखाली ठोकळे बसवून घ्या, खर्च फार नाही. दोघी मिळून अभ्यंग करत असाल तर जोडी शक्यतो सारख्या उंचीची लावायला सांगा. नाहीतर एकीचा खांदा आणि दुसरीची कंबर, दोन्ही दुखणार.

खाली सांडलेलं तेल लगेच पुसा. पाय घसरू नये म्हणून दिवसभर पोटऱ्या आवळून उभं राहिलं की तेही कंबरेत चढतं. आणि कोल्हापुरी कितीही प्रिय असली तरी कामावर नको, तेलकट फरशीवर चामड्याचा तळ म्हणजे आमंत्रणच. रबरी तळाची चप्पल घाला.

पोटली शेक, म्हणजे औषधाच्या गरम पुरचुंडीनं शेक, देत असाल तर पोटलीची धरायची मूठ बघा. बारीक मूठ चिमटीत घट्ट धरावी लागते आणि तिथंच अंगठा भरतो. वरून कापड गुंडाळून ती जाड करा, पकड सैल राहते.

व्यायामाचं म्हणाल तर बैठका जरूर मारा, मांड्यांत ताकद असेल तरच कंबर सुटते. जोर मात्र मनगट दुखतंय तोवर बंद. हात दाबायचं स्प्रिंगचं यंत्रही घेऊ नका, मूठ आवळायचं काम दिवसभर होतंच की. उलट करा: पाची बोटांभोवती रबरबँड अडकवून बोटं सावकाश उघडा. दोन पेशंटच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं मोकळी मागून घ्या आणि सलग अभ्यंग लावण्याऐवजी मध्ये शिरोधारेसारखं (कपाळावर तेलाची धार धरायचं) हलकं काम घालायला सांगा. मालकाला "मला त्रास होतोय" म्हणण्यापेक्षा "वेळापत्रक असं लावलं तर महिनाभर सुट्टी पडणार नाही" म्हणा. लवकर ऐकतात.

एवढं करूनही दुखत असेल तर एक करून बघा. अंगठा आत घेऊन मूठ वळा आणि मनगट हळूच करंगळीकडं झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला चमक आली तर तिथल्या स्नायुरज्जूंचं आवरण सुजलेलं असू शकतं, डॉक्टर त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबल्याची शंका घ्यावी. दोन्हींत घरी तेल लावत बसू नका, पट्टा आणि विश्रांती लवकर मिळाली तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. खासगीत परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी थोरल्या दवाखान्यात, हाडांच्या ओपीडीत दाखवा. जाताना काम काय करता ते आठवणीनं सांगा, नाहीतर नुसत्या गोळ्या घेऊन परत याल.