बाळाचा पाळणा मोकळा असावा

प्रश्न : माझे बाळ दीड महिन्याचे असून बाळंतपणासाठी मी गुहागरला माहेरी आले आहे. मुंबईच्या नणंदेने पाळण्यासोबत कठड्याला आतून बांधायच्या मऊ उशा, दोन लोड आणि जाड दुलई पाठवली आहे. आई मात्र बाळाला दुपारी साडीच्या झोळीत आणि रात्री स्वतःच्या अंथरुणात मोहरीच्या उशीवर निजवते. उताणे ठेवल्यास ओकलेले दूध श्वासनलिकेत जाईल, या भीतीने ती त्याला पालथे किंवा कुशीवर ठेवते. पावसाळी गारव्यामुळे टोपडे आणि दोन-तीन पांघरुणेही असतात. यातले योग्य काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी तुमच्या आईंच्या भीतीविषयी लिहितो, कारण ती अनेक घरांत आहे आणि तिच्यापोटीच बाळांना पालथे निजवले जाते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे घशाशी आलेले दूध सहसा खालीच राहते आणि बाळ ते गिळते किंवा बाहेर टाकते. पालथ्या बाळात ही रचना नेमकी उलटी होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ पासून त्याचा देशभर प्रचार झाला. त्यानंतर तेथील झोपेतील अचानक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि दूध घशात जाऊन दगावणाऱ्या बाळांची संख्या मात्र वाढली नाही. कुशीवरचे बाळ सहज पालथे होते, म्हणून तोही मार्ग नको. पहिले वर्षभर प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा, बाळाला उताणेच ठेवावे.

नणंदेने पाठवलेल्या वस्तूंमागचे प्रेम मला कळते, तरीही उशा, लोड आणि दुलई पाळण्यात अजिबात ठेवू नयेत. दीड महिन्याच्या बाळाचे नाक मऊ कापडात रुतले तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. कधी नाक पूर्ण बंद होते, तर कधी स्वतःच्याच उच्छ्वासाची हवा पुन्हापुन्हा आत घेतल्याने प्राणवायू कमी पडतो, आणि हे सारे आवाज न होता घडते. कठड्याला बांधायच्या उशांची विक्री अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंद झाली आहे. गादी टणक, सपाट आणि पाळण्यात घट्ट बसणारी असावी, तिच्यावर ताणून खोचलेली एकच चादर असावी आणि गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. मच्छरदाणी हवीच, पण ती बाळाच्या अंगावर येणार नाही अशी ताणून बांधावी.

मोहरीच्या उशीलाही हेच लागू आहे. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून निजवताना बाळाचे तोंड आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वळवावे आणि ते जागे असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा वेळ पोटावर खेळवावे.

झोळीविषयी लिहिताना मला कोकणातल्या कित्येक आज्यांचा रोष पत्करावा लागेल. झोळीच्या खोलगट कापडात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग आक्रसतो, शिवाय कापड तोंडावर येऊ शकते. त्यामुळे झोळी झोपेसाठी वापरू नये. झोका देता देता डोळा लागलाच, तर बाळाला लगेच सपाट अंथरुणावर घ्यावे.

रात्री बाळ तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर असावे, पण त्याचे अंथरूण वेगळे असावे. पाळणा नसेल तर जमिनीवर टणक गादी चालेल. पावसातही आपली हवा दमट असते, त्यामुळे मोठ्यांना पुरतात त्याहून फार तर एक कपडा जास्त घालावा आणि घरात निजताना टोपडे काढावे. हातपाय गार लागले तरी घाबरू नये. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहावा, तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. न्हाऊ घातल्यावर दारे-खिडक्या लावून शेगडीच्या निखाऱ्यांवर ओवा-शेपाची धुरी देण्याची रीत तुमच्याकडे असेल, तर तीही बंद करावी, कारण कोंदट खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो.