भाकर वाढवली, पाणी वाढवलं का?

बापू, पोट अडलं म्हणून ज्वारीची भाकर सोडू नको. चूक भाकरीची नाही, घाईची आहे. मीही एका दिवसात भात बंद करून दोन्ही वेळा भाकर, मोडाची मटकी अन् वर जवसाची चटणी सुरू केली होती. चौथ्या दिवशी पोटाचा नगारा! भाकरी-मटकीतला चोथा (फायबर) पाणी ओढतो. ते मिळालं नाही की मळ घट्ट होतो. सध्या एक वेळ भाकर, एक वेळ पोळी ठेव. दोन-तीन आठवड्यांत वाढव. वावरात 2 लिटरची कॅन ने अन् रिकामी करूनच आण (माझी निम्मी बैलालाच जायची). इसबगोल घेशील तर गिलासभर पाण्यातच. सकाळी संडासची कळ आली तर दाबून ठेवू नको, फवारणी थोडा वेळ थांबू शकते. रक्त पडलं, उलट्या झाल्या किंवा वारासुद्धा सरेना, तर थेट डॉक्टर गाठ.