वाचक विचारतात: गाडीची चावी द्यावी का?

प्रश्न: बाबांच्या (वय ५८) मेंदूला ४ महिन्यांपूर्वी मार लागला. आता चालतात-बोलतात छान; कार मागतात. – सीताबर्डी, नागपूर

उत्तर: इतक्यात नको. आधी नेत्रतज्ज्ञाकडे पेरिमेट्री (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) करा. एका बाजूचं दिसत नसलं तरी पेशंटला ते अनेकदा कळतच नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का, खांदा दाराला घासतो का, बघा. फिट आली असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या लेखी होकाराशिवाय चावी लपवलेलीच बरी. लायसन्सच्या फॉर्म १ मध्येही फिटबद्दल थेट विचारतात. नंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारे तज्ज्ञ) लक्ष आणि प्रतिक्रियेची चाचणी. शेवटी प्रशिक्षकासोबत, त्याच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या गाडीत: आधी रिकामा रस्ता, मग गर्दीचा व्हरायटी चौक. एक फेरी थकलेल्या वेळी घ्या. चुका तेव्हाच दिसतात.