लिनक्स अडलंय, विचारा! : टाकला तरी चालू का होत नाही?

प्रश्न : घरी लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथं एनजिनएक्स (वेब सर्व्हर) टाकला की लगेच ब्राउजरमध्ये वेलकम पेज दिसतं. ऑफिसात रॉकी लिनक्सचा सर्व्हर मिळालाय, तिथं तोच टाकला तर काहीच नाही. मग हाताने स्टार्ट केला, चालला, पण रात्री लाइट गेली आणि सकाळी बघतो तर परत बंद. दोन्हीकडं सर्व्हिसेस चालू-बंद करणारं सिस्टमडीच आहे ना, मग ही काय भानगड? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सिस्टमडी दोन्हीकडं आहे हे बरोबर, पण पॅकेज टाकल्यावर सर्व्हिस लगेच उठवायची की नाही हे सिस्टमडी ठरवत नाही, ते डिस्ट्रोवाले (उबुंटू, रॉकी अशी लिनक्सची रूपं बनवणारे) ठरवतात. उबुंटू ज्या डेबियनवर बेतलंय त्याचा हिशोब असा की माणसाने सर्व्हर टाकलाय म्हणजे त्याला तो चालवायचाच असणार, त्यामुळे इन्स्टॉल संपता संपता पॅकेजची स्क्रिप्टच तो चालू करते आणि बूटलाही जोडून टाकते. २०१५ च्या एप्रिलमध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ दोन्ही सिस्टमडीवर आले (उबुंटूवर त्याआधी त्याच कामाला अपस्टार्ट होतं), पण ही सवय काही गेली नाही.

फेडोरा, रेड हॅट, रॉकी यांचं उलटं. तिथं प्रीसेट नावाची यादी असते, तिच्यात नाव असेल तर बूटला जोडणार नाहीतर नाही. एसएसएच (दुरून लॉगिनची सोय) त्या यादीत आहे म्हणून सर्व्हरवर लॉगिन तरी होता येतं, एनजिनएक्स नाही. आणि स्टार्ट म्हणजे फक्त आत्तापुरतं चालू, बूटला जोडायला एनेबल वेगळं करावं लागतं, तुमची लाइट गेली तिथं हेच झालं. 'सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एनजिनएक्स' असं मारलं की दोन्ही कामं एकदम होतात. एवढं करूनही दुसऱ्या मशीनवरून पेज दिसलं नाही तर घाबरू नका, रॉकीवर फायरवॉलडी (बाहेरून येणारी कनेक्शन्स अडवणारा फायरवॉल) आधीपासून चालू असतो, त्यात एचटीटीपी कायमचं उघडून रीलोड करा. उबुंटूवर फायरवॉल सुरुवातीला बंदच असतो म्हणून घरी हे कधी जाणवलं नसेल.

मला विचाराल तर सर्व्हरवर रेड हॅटची पद्धतच बरी वाटते, कॉन्फिग लिहायच्या आधीच एखादी सर्व्हिस पोर्ट उघडून बसली तर नको ते झंझट. उबुंटूवर हेच टाळायचं असेल तर इन्स्टॉलच्या आधी त्या सर्व्हिसला मास्क करा (म्हणजे ती चालूच होऊ नये असं बंद करा), युनिट नाहीच म्हणून कुरकुर करेल पण ऐकेल, मग कॉन्फिग झाल्यावर अनमास्क. आणि हो, नावंही बघून घ्या, उबुंटूवरचा 'अपाची२' रॉकीवर 'एचटीटीपीडी' होतो, 'क्रॉन'चा 'क्रॉनडी', नाहीतर सर्व्हिस सापडत नाही म्हणून उगाच डोकं खाजवत बसाल.

प्रश्न : स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय, त्यावर अल्पाइन लिनक्स आहे. सिस्टमसीटीएल मारलं की 'नॉट फाउंड' येतं. कुठून टाकू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नका. अल्पाइनवर सिस्टमडीच्या जागी ओपनआरसी असतं, जेंटू या डिस्ट्रोवाल्यांचं. चालू करायला 'आरसी-सर्व्हिस एनजिनएक्स स्टार्ट', बूटला जोडायला 'आरसी-अपडेट अ‍ॅड एनजिनएक्स डिफॉल्ट', इथंही दोन कामं वेगळीच. (स्लॅकवेअर या डिस्ट्रोवर तर त्याहून साधं, आरसी स्क्रिप्टला एक्झिक्युट परमिशन दिली की झालं एनेबल.) फक्त डॉकरमधल्या (कंटेनरमध्ये चालणाऱ्या) अल्पाइनवर हे करायला जाऊ नका, त्या इमेजमध्ये ओपनआरसीसुद्धा नसतं, तिथं एनजिनएक्स थेट फोरग्राउंडला चालवायचा आणि तो पडला की परत उठवायचं काम डॉकरच्या रीस्टार्ट पॉलिसीवर सोडायचं.