पावसात गुडघाभर, मार्चमध्ये टक्कल

प्रश्न : नमस्कार, आमच्या बिल्डिंगसमोर एक छोटं गार्डन आहे, रोज संध्याकाळी नातवाला घेऊन जाते. ऑगस्टमध्ये तिथलं गवत इतकं वाढतं की त्याच्या गुडघ्याला लागतं, सापाकिरड्याची भीती वाटते. मग दिवाळीच्या आधी एक माणूस मशीन घेऊन येतो, सगळं सपाट करून जातो आणि मार्चपर्यंत नुसती धूळ उडते. गवत नीट का राहत नाही? सांगायचं कोणाला?
– एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, सगळी गडबड त्या दिवाळीच्या कापणीत आहे. आपल्याकडच्या मैदानांवर मुख्यतः हरळी असते, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, आणि हरळी खरंतर प्रचंड चिवट, पण तिचं अन्न पात्यात तयार होतं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पातं कापलं की मुळांची वाढ खुंटू शकते, आणि इथे तर वीतभर गवत एकदम मातीला टेकवून कापतात, तेही नेमका पाऊस संपल्यावर, म्हणजे पुढे थेट जूनपर्यंत वरून पाणी नाही. मागच्या वर्षी आमच्या जवळच्या एका मैदानात असंच झालं, आठवड्याभराने मी एक झुबका ओढला तर बोटाच्या पेरापेक्षा कमी मूळ हातात आलं, आणि कंपाउंडच्या कडेला जिथे मशीन पोचलं नव्हतं तिथला झुबका दोन्ही हातांनी ओढूनही हलेना!

म्हणून पावसाळ्यात दर 10-15 दिवसांनी थोडंथोडं, साधारण 2 इंचांवर कापायला हवं, आणि ऑक्टोबरपासून 3 इंच तरी ठेवायला हवं. बारीक तुकडे तिथेच पडू दिले तरी चालतात, खत होतं. मोठ्या झाडाखाली मात्र हरळीचा हट्ट धरू नये, तिला ऊन लागतं, तिथे वाळलेला पाला पसरलेलाच बरा.

पाण्याचं म्हणाल तर मुंबईला पाणी 7 तलावांतून येतं आणि एप्रिल-मेमध्ये तिथेच तळ दिसायला लागतो, त्यामुळे पिण्याचं पाणी लॉनवर ओतणं मलाही पटत नाही. विहीर, बोअरवेल किंवा टँकरचं पाणी वापरावं, आणि रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सकाळी लवकर भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात. नाहीतर काय होतं ते शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा, लाल मातीची धूळ त्यांच्या घराघरात जाते. पोरं खेळणारच, खेळायलाच हवीत, म्हणून मैदानाचा एकेक भाग आळीपाळीने महिना-दीड महिना बंद ठेवला तर गवत सावरतं.

तक्रार महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर करा आणि तक्रार नंबर लिहून ठेवा. तेवढ्यावर थांबू नका, वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान खात्यात सहायक उद्यान अधीक्षक असतात, त्यांना चार शेजाऱ्यांच्या सह्यांचं पत्र द्या, पोच घ्या. कापणी बहुतेक कंत्राटदाराकडे असते, तेव्हा कंत्राटात वर्षातून किती वेळा कापायचं लिहिलंय ते विचारा. सांगितलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

पण हे सगळं जूनमध्येच करा आजी, ऑक्टोबरमध्ये गेलात तर मशीन फिरून गेलेलं असेल.