हायपरटेक्स्ट कथा म्हणजे दुव्यांवर (लिंकवर) क्लिक करत एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जात संगणकावर वाचायची कथा. तिच्यात वाचकच लेखक होतो, हे खरं आहे का? मराठीत अशी कथा लिहायची तर कशी लिहावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. उलट छापील पुस्तकात नसते एवढी हुकूमत इथे लेखकाच्या हातात येते. दुवा कुठे ठेवायचा, कधी उघडायचा आणि कधी अजिबात उघडायचा नाही, हे सगळं तोच ठरवतो.

'वाचक मुक्त झाला' ही घोषणा नव्वदच्या दशकातली. १९९२ मध्ये रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन कादंबरीकाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये 'द एंड ऑफ बुक्स' नावाचा लेख लिहिला आणि एका सरळ रेषेत चालणाऱ्या छापील कादंबरीच्या जाचातून वाचक सुटतोय, असा सूर लावला. तेव्हापासून हे वाक्य जो तो उचलतोय. पण ज्या कथेवरून ही चर्चा पेटली ती प्रत्यक्षात उघडून पाहिली की चित्र वेगळं दिसतं.

मायकेल जॉइसची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही ती कथा. १९८७ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९० मध्ये ईस्टगेट सिस्टिम्सने विकायला काढली. जॉइसने जॉन स्मिथ आणि जे डेव्हिड बोल्टर यांच्यासोबत अशा कथा लिहिण्यासाठी 'स्टोरीस्पेस' नावाचा प्रोग्रॅम बनवला होता, त्यातच ती लिहिली. एकूण ५३९ तुकडे आणि साडेनऊशेच्या आसपास दुवे. पीटर नावाच्या माणसाने सकाळी कामावर जाताना रस्त्याकडेला अपघात पाहिलाय, आणि त्यात आपला मुलगा आणि घटस्फोटित बायको तर नव्हती ना, ही शंका त्याला दिवसभर खातेय. सुरुवातीलाच विचारणा होते: ऐकायचंय का? 'नाही' म्हणालात तरी कथा थांबत नाही, दुसऱ्या दाराने तुम्हाला आत घेते!

पुढचा प्रकार आणखी बेरकी. कोणत्या शब्दावर क्लिक केलं की पुढे जाता येईल, हे अधोरेखित करून वगैरे दाखवलेलंच नाही. अंदाजाने शब्द दाबत जायचं, नाहीतर रिटर्नचं बटण दाबत ठरलेल्या वाटेने. शिवाय बऱ्याच दुव्यांना अट लावलेली. अमुक तुकडा वाचून झाल्याशिवाय तमुक दुवा उघडतच नाही. स्टोरीस्पेसमध्ये याला 'गार्ड फील्ड' म्हणतात. पीटर इकडेतिकडे फोन फिरवतो, आठवणींत शिरतो, खऱ्या प्रश्नाला बगल देत राहतो. या अपघाताला आपणच तर कारण नाही ना, या शंकेपाशी नेणारा तुकडा अशाच अटींच्या आड आहे. म्हणजे पीटर ज्याच्यापासून पळतोय, त्याच्यापर्यंत आपल्यालाही थेट जाता येत नाही. छापील कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचू शकतो (आणि बिनदिक्कत वाचतो). इथे लेखकाने तेवढीही मुभा ठेवलेली नाही.

वाचायला ती कंटाळवाणी आहे का? बऱ्याचदा, हो. त्याच त्या तुकड्यांवर परत परत येऊन डोकं भणभणतं. तुम्ही नवखे असाल तर 'आफ्टरनून'पासून सुरुवात करू नका. ओलिया लियालिना या रशियन कलावतीने १९९६ मध्ये केलेलं 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' बघा. ब्राउझरमध्येच चालतं, फार वेळ लागत नाही. युद्धावरून परतलेला तो आणि ती, दोघांचं बोलणं काही केल्या जुळत नाही. वाक्यावर किंवा चित्रावर क्लिक केलं की चौकट दुभंगते, मग तिचे आणखी तुकडे होतात, आणि क्लिक करत राहिलात की एकेक चौकट काळी पडत जाते. आपण बोलणं पुढे नेतोय असं वाटत असतं आणि आपल्याच हाताने ते संपत असतं.

२०१३ ची 'डिप्रेशन क्वेस्ट' ही नैराश्यावरची खेळवजा कथा त्याच जातीची. तुमच्यासमोर पर्यायांची यादी येते. त्यात शहाणा, निरोगी माणूस जे करील तो पर्यायही असतो, पण खोडलेला. दिसतो, वाचता येतो, त्यावर क्लिक होत नाही. तब्येत खालावत जाते तसे आणखी पर्याय खोडले जातात. मला विचाराल तर या माध्यमातली सगळ्यात नेमकी युक्ती हीच.

आता मराठीचं. 'ट्वाइन' नावाचं फुकट साधन आहे, ख्रिस क्लिमासने २००९ मध्ये काढलेलं. दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की दुवा तयार, देवनागरी व्यवस्थित चालते, आणि पूर्ण कथा एका एचटीएमएल फाइलीत बाहेर पडते. कोडिंगला घाबरायचं कारण नाही.

खरी अडचण क्रियापदांची. इंग्रजीत असल्या कथा वाचकालाच नायक करून वर्तमानकाळात लिहिण्याची पद्धत आहे. तीच मराठीत उचललीत तर 'तू जिना चढतोस' म्हणताक्षणी वाचक पुरुष ठरला. 'तुम्ही चढता' म्हटलं की लिंग सुटतं, पण आवाजात अंतर येतं. भयकथेत ते मारक. त्यापेक्षा भूतकाळ वापरा आणि सकर्मक क्रियापदांवर भर द्या: 'तू दार उघडलंस', 'तू पत्र वाचलंस'. इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, वाचक कोण हे सांगावं लागत नाही. 'गेलास-गेलीस' मात्र टाळा, किंवा वाचक 'तो' की 'ती' हे सुरुवातीला विचारून व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमने लक्षात ठेवायच्या कप्प्यात) ठेवा. भविष्यकाळातलं 'तू बघशील' दोन्हीकडे चालतं, पण पूर्ण कथा त्यात लिहिली तर ज्योतिषी बोलतोय असं वाटेल.

दुसरं, फांद्यांचा हिशेब. प्रत्येक तुकड्याशेवटी दोन पर्याय दिलेत आणि वाटा कुठेच परत जोडल्या नाहीत, तर दहा वळणांनंतर १०२४ शेवट लिहायला बसावं लागेल. म्हणून वाटा लवकर एकत्र आणा आणि वाचकाने काय केलं ते लक्षात ठेवा. सुरुवातीला घरमालकाशी तो उद्धट वागला होता ना? मग बऱ्याच वेळाने किल्ली मागायला गेल्यावर घरमालकाचं फक्त एक वाक्य बदला. वाचकाला तेवढं पुरतं.

हो, आणि ब्राउझरमधलं ट्वाइन वापरणार असाल तर कथा त्या ब्राउझरच्या साठवणीतच राहते. साफसफाई म्हणून ब्राउझरचा डेटा पुसलात की कथा गेली. रोज लिहून उठताना 'अर्काइव्ह' दाबून फाइल उतरवून ठेवत जा.